कृषी महाविद्यालयाला देणगी द्यायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आहेत. त्यांची महाविद्यालये आणि संशोधन केंद्रे राज्यभर पसरलेली आहेत. इथे शिकून गेलेले लोक, त्यांची मुले, शेतकरी आणि कंपन्या देणगीबद्दल जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरे खाली आहेत. लिहिणारा माजी विद्यार्थी आहे, विद्यापीठाचा प्रवक्ता नाही. त्यामुळे काही उत्तरांत मतेही डोकावतील.

ही विद्यापीठे तर सरकारी आहेत. मग देणगी कशाला हवी?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो रास्तही आहे. पगार सरकार देते, मोठ्या इमारती सरकारी किंवा भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या निधीतून होतात. अडते ते पगार आणि इमारत यांच्या मधल्या खर्चात.

मातीतले पालाश मोजायला फ्लेम फोटोमीटर नावाचे यंत्र लागते. ते अनुदानातून येते, उद्घाटन होते, फोटो छापून येतो. पुढे त्याला गॅस लागतो, हवा देणारा छोटा कॉम्प्रेसर लागतो, प्रमाण द्रावणे लागतात. एका प्रयोगशाळेत हे यंत्र फुलाफुलांच्या कापडाखाली झाकून ठेवलेले मी पाहिले आहे. यंत्र ठणठणीत होते, कॉम्प्रेसर गेला होता. दुरुस्ती काही हजारांची, पण त्या खर्चाला लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकात ठरवून दिलेले खर्चाचे खाते, नव्हते. नव्या यंत्राचा प्रस्ताव पाठवता येत होता, जुन्याचा सुटा भाग घेता येत नव्हता! सरकारी हिशेब ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

देणगीचा पैसा इथे कामाला येतो. तो थोडा असतो पण मोकळा असतो. आणि नेमका हाच मोकळा पैसा देणगीदार क्वचित देतात, कारण कॉम्प्रेसरवर कोणाचे नाव कोरता येत नाही.

शेतीच्या शिक्षणाला देणगी देण्याची परंपरा आपल्याकडे आहे का?

आहे, आणि तिची सुरुवात एका परदेशी माणसाच्या पैशातून झाली. हेन्री फिप्स या अमेरिकन उद्योगपतीने लॉर्ड कर्झनकडे ३० हजार पौंड दिले. त्यातली बरीचशी रक्कम वापरून बिहारमध्ये पुसा येथे १९०५ मध्ये शेतीची संशोधन संस्था उभी राहिली. तिच्या मुख्य इमारतीला फिप्सचे नाव होते. १९३४ च्या भूकंपात ती इमारत मोडकळीला आली आणि १९३६ मध्ये संस्था दिल्लीला हलली. आज जिला आपण 'पुसा' म्हणतो ती दिल्लीतली संस्था तीच. नाव कोरलेली इमारत गेली, गव्हावरचे काम पुढे चालू राहिले. इमारतीसाठी देणगी द्यायला निघालेल्यांना मी ही गोष्ट आवर्जून सांगतो.

आपल्याकडचे उदाहरण वेगळ्या वळणाचे आहे. पुण्याजवळ मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ मध्ये सहकारी साखर कारखान्यांच्या ऊसउत्पादक सभासदांनी उभी केली. तिला कारखान्यांकडून गाळलेल्या उसाच्या टनामागे वर्गणी मिळते. म्हणजे ऊसवाल्या शेतकऱ्याने स्वतःच्या पिकाच्या संशोधनासाठी थोडे थोडे बाजूला काढले आहे. याला कोणी दानधर्म म्हणत नाही, पण परिणामाच्या दृष्टीने बऱ्याच देणग्यांपेक्षा ते सरस आहे. सोयाबीन, तूर, कापूस या पिकांना असा सांभाळणारा कोणी नाही, हेही इथेच लक्षात घ्या.

देणगी विद्यापीठाला द्यायची, महाविद्यालयाला, की माजी विद्यार्थी संघाला?

आधी एक खात्री करा. तुमचे महाविद्यालय विद्यापीठाचे घटक महाविद्यालय आहे की संलग्न? घटक महाविद्यालये विद्यापीठाची स्वतःची. संलग्न महाविद्यालयांत बरीचशी खासगी, विनाअनुदानित संस्थांची आहेत. तिथे दिलेली देणगी संस्थाचालक ट्रस्टकडे जाते, विद्यापीठाकडे नाही. ते वाईट असे नाही, पण आपण कोणाला देतो आहोत हे माहीत असावे.

घटक महाविद्यालयाचा प्रमुख सहयोगी अधिष्ठाता असतो. बोलणी त्यांच्याशी होतात, पण पैशाचा कारभार विद्यापीठाच्या नियंत्रक कार्यालयाचा. महाविद्यालयाच्या नावाने दिलेला धनादेश विद्यापीठाच्या सर्वसाधारण खात्यात गेला, तर तो पुन्हा त्या महाविद्यालयापर्यंत यायला पावसाळे जातात. म्हणून देणगीपत्रात तीन ओळी स्पष्ट लिहा: कोणत्या महाविद्यालयासाठी, कोणत्या विभागासाठी, कशासाठी. आणि नियंत्रक कार्यालयाकडून पावती त्याच शब्दांत घ्या.

माजी विद्यार्थी संघ हा तिसरा मार्ग. संघ नोंदणीकृत असेल, धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी हिशेब जात असतील, तर कॉम्प्रेसरसारख्या कामांना हाच मार्ग सगळ्यात जलद. शंभर माणसांचा व्हॉट्सॲप गट आणि त्यातल्या एकाचे बचत खाते म्हणजे संघ नव्हे. माणूस कितीही सज्जन असला तरी अशा खात्यावर मोठी रक्कम टाकू नका. त्याच्याच डोक्याला ताप होतो.

वडिलांच्या नावाने सुवर्णपदक ठेवायचे आहे. किती खर्च येतो?

रक्कम प्रत्येक विद्यापीठ ठरवते आणि ती वेळोवेळी बदलते. कुलसचिव कार्यालयात चौकशी करा.

पण थोडे थांबा. पदवीदान समारंभात एकच हुशार मुलगी सात-आठ पदके घेऊन जाते, हे दृश्य तुम्हीही पाहिले असेल. तिचे कौतुकच आहे. मात्र तुमचे आठवे पदक तिच्या आयुष्यात काय बदलणार? त्याच वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगा असतो. खानावळीचे दोन महिन्यांचे बिल थकले म्हणून तो रात्रीचे जेवण टाळत असतो. तुमच्या पदकाच्या रकमेच्या व्याजात त्याचे चार-सहा महिने निघाले असते.

तुमचे वडील खानावळीच्या बाबतीत त्या मुलासारखेच होते का, एवढे आठवून पाहा. पुष्कळ घरांत उत्तर 'हो' असते, आणि मग पदकाचा खानावळ निधी होतो. पदकच द्यायचे असेल तर निदान गुणांवरचे देऊ नका. शेतावरच्या कामाचे द्या, हर्बेरियमचे (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचे) द्या, उत्तम क्षेत्रनोंदवहीचे द्या. त्याला स्पर्धकही कमी.

मुलांना शिष्यवृत्त्या मिळतात ना? मग खानावळीला पैसे का?

मिळतात. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, २०२४-२५ पासून ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली आहे. अडचण रकमेपेक्षा वेळेची आहे. खानावळवाला महिन्याच्या महिन्याला मागतो, शिष्यवृत्ती तिच्या सवडीने येते. मधल्या काळात मुलगा घरी फोन करतो आणि घरचे सावकाराकडे किंवा कृषी सेवा केंद्रवाल्याकडे जातात.

म्हणून काही ठिकाणी माजी विद्यार्थी फिरता निधी ठेवतात. गरजेला रक्कम द्यायची, शिष्यवृत्ती आली की मुलाने परत करायची. व्याज नाही, जामीन नाही, यादी कुठे लावायची नाही. ही शेवटची अट फार महत्त्वाची आहे. गरजू विद्यार्थ्यांना व्यासपीठावर बोलावून पाकीट देण्याचा कार्यक्रम कृपया करू नका. अठरा-एकोणीस वर्षांची पोरे असतात, त्यांना मान असतो.

सातव्या सत्रात ग्रामीण कार्यानुभवासाठी मुले गावात जाऊन राहतात, ज्यांना गावकरी कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणतात. तिथली खोली, जेवण, बीजप्रक्रियेच्या प्रात्यक्षिकाचे सामान, एसटीचा पास, हा खर्चही बहुधा खिशातूनच होतो. पाच-सात मुलांच्या एका गटाचा खर्च उचलणे हा मला देणगीचा फार नेटका प्रकार वाटतो.

कायम निधी ठेवला तर बरे की दरवर्षी थोडे थोडे दिलेले बरे?

साधे गणित करू. पाच लाखांचा कायम निधी, व्याज सात टक्के धरले तर वर्षाला ३५ हजार. आज त्यात एका मुलाची खानावळ निघेल. वीस वर्षांनीही ते ३५ हजारच असतील, खानावळ मात्र तिथेच थांबलेली नसेल. वर्षाला शंभर रुपयांचे बक्षीस देणारे जुने निधी अजूनही कागदोपत्री आहेत. एके काळी ती भरघोस रक्कम होती. आज तिचा हिशेब ठेवायलाच जास्त खर्च येत असेल.

म्हणून कायम निधी ठेवायचाच असेल तर करारात दोन गोष्टी घाला. व्याजाचा काही भाग दरवर्षी मुद्दलात मिळवायचा. आणि मूळ हेतू कालबाह्य झाला तर रक्कम त्याच महाविद्यालयातल्या जवळच्या हेतूसाठी वापरण्याची मोकळीक द्यायची. ही दुसरी अट लिहायला लोक कचरतात. 'बैलचलित अवजारांच्या अभ्यासासाठीच' असे बजावून दिलेला पैसा उद्या ड्रोनवर काम करणाऱ्या मुलाला मिळत नाही आणि बँकेत कुजत राहतो.

ज्यांची मिळकत चालू आहे त्यांनी दरवर्षी द्यावे, असे माझे मत. वर्षाला २५ हजार दहा वर्षे देणारा माणूस महाविद्यालयाला माहीत होतो, तो प्रश्न विचारतो, आणि विचारणारा कोणी आहे म्हटल्यावर पैसा नीट खर्च होतो.

किमान किती रक्कम द्यावी लागते?

किमान काही नाही. पाचशे रुपयांचीही पावती मिळाली पाहिजे. नसेल देत तर तिथे पाच लाखही देऊ नका.

मला थेट संशोधनाला मदत करायची आहे. ते शक्य आहे का?

शक्य आहे, पण धीर धरायची तयारी हवी. मोहोळच्या केंद्रावर निवड केलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारी १९३० च्या दशकातली. रब्बीत ती आजही पेरली जाते. कोकणातले उदाहरण आंब्याचे. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून वेंगुर्ल्याच्या केंद्रावर रत्ना तयार झाला, तो १९८१ मध्ये प्रसारित झाला. त्या रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून जवळजवळ बिनकोयीचा सिंधू आला, तो १९९२ मध्ये. कलम लावा, मोहोराची वाट पाहा, फळ चाखा, पुन्हा लावा. आंब्यावर काम करणाऱ्याची अख्खी नोकरी दोन जातींत संपते. वार्षिक प्रगती अहवाल मागणाऱ्या देणगीदाराला तो बिचारा काय लिहिणार?

पैसा नेमका कुठे लागतो ते कपाशीच्या शेतात पाहा. कपाशीचा संकर हाताने करतात. दुपार कलली की दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी हेरायची, अंगठ्याच्या नखाने पाकळ्यांसकट पुंकेसरांची नळी गोल सोलून काढायची. आतल्या कुक्षीला धक्का लागता कामा नये. मग कळीवर कागदी पिशवी चढवायची. सकाळी दव ओसरले की नर वाणाचे फूल तोडून आणायचे, पिशवी काढून परागकण लावायचे, पुन्हा झाकायचे आणि देठाला दोरा बांधायचा. दोरा नसलेले बोंड वेचणीत वेगळे काढायचे. हे काम शास्त्रज्ञ करत नाही. आजूबाजूच्या गावातल्या बाया करतात आणि त्यांचा हात बसायला एक-दोन हंगाम जातात. मजुरीचा निधी ऐन फुलोऱ्यात संपला तर त्या दुसऱ्याच्या शेतात जातात आणि प्रयोगाचे अख्खे वर्ष वाया. नांदेड-४४ सारखा संकरित वाण ज्याने शेतात पेरला आहे त्याने या दोऱ्याला हात जोडावेत.

तेव्हा 'संशोधनाला' अशी मोघम देणगी देऊ नका. 'अमुक केंद्रावर संकराच्या हंगामी मजुरीसाठी, पाच वर्षे' असे लिहा. ज्या शास्त्रज्ञाच्या कामासाठी देत आहात त्याच्याशी आधी बोला. तो बदलून गेला तर काय, हेही त्याच वेळी विचारा. बदल्या होतात आणि बऱ्याच जागा रिकाम्या असतात.

वने, पाणी, माती यासाठी काही करता येईल का? शेती म्हणजे फक्त पीक नव्हे.

अगदी बरोबर. दापोलीला वनशास्त्राचे महाविद्यालय आहे, त्याच विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीला आहे, आणि मृद व जलसंधारण हा विषय कृषी अभियांत्रिकीत शिकवला जातो.

इथे सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे नोंदी. पाणलोटाचा अभ्यास म्हणजे वर्षानुवर्षे रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातले पाणी मोजणे, नाल्यावरच्या बंधाऱ्यावरून किती पाणी गेले ते लिहिणे, गाळाचा नमुना बाटलीत भरणे. एक पावसाळा खंड पडला तर मागच्या-पुढच्या नोंदींचीही किंमत घटते. हे करायला पदवीधर लागत नाही. प्रामाणिक, जवळ राहणारा एक माणूस आणि त्याचा महिन्याचा पगार लागतो. वृक्षारोपणाला देणगीदारांची रांग असते. पाच जूनला, पर्यावरण दिनी, खड्डेही तेच, फलकही तेच, कधी कधी रोपही त्याच जागी. तिसऱ्या उन्हाळ्यात त्या रोपाला पाणी घालायला मात्र कोणी पुढे येत नाही. झाडांसाठीच द्यायचे असेल तर लावण्याचे देऊ नका, तीन वर्षांच्या पाण्याचे आणि राखणीचे द्या.

गावाकडची जमीन महाविद्यालयाला द्यायची आहे.

भावना मोठी आहे, पण कामही तेवढेच मोठे. स्थावर मालमत्तेचे बक्षीसपत्र दोन साक्षीदारांसह नोंदणीकृत असावेच लागते. त्याआधी सातबारा काढा. इतर हक्कांत कोणाचे नाव आहे का, सोसायटीचा बोजा आहे का ते पाहा. भोगवटादार वर्ग दोन (हस्तांतरणावर सरकारी बंधन असलेली जमीन) असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागेल. जमीन वडिलोपार्जित असेल तर बहिणींचाही तीत वाटा आहे. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर हे गृहीत धरूनच चाला आणि सगळ्यांची लेखी संमती घ्या. मोजणी करून हद्दीच्या खुणा पक्क्या करा. बांधावरून भाऊबंदकी चालू असलेली जमीन दान करणे म्हणजे भांडण दान करणे.

हे सगळे सुरळीत झाले तरी विद्यापीठ ती घेईलच असे नाही. दूरच्या गावातले वीस गुंठे त्यांच्या कामाचे नसतात. तिथे ना प्रक्षेत्र होते ना राखण. वाट नाही, विहीर नाही, वीज नाही अशा तुकड्यावर पुढे अतिक्रमण होते आणि विद्यापीठाच्या वकिलाला काम मिळते. स्पष्ट सांगायचे तर जमीन महाविद्यालयाच्या किंवा केंद्राच्या लगत नसेल, तर ती विकून पैसे द्या. आईच्या नावाची जमीन विकवत नाही, हे मला कळते. मग ती गावातल्याच एखाद्या होतकरू शेतकऱ्याला कसायला द्या आणि खंडाची रक्कम दरवर्षी महाविद्यालयाला पाठवा.

ट्रॅक्टर, संगणक, पुस्तके चालतील का?

विचारून द्या. ट्रॅक्टर नवा असेल, विम्यासकट असेल आणि डिझेलचे कोण बघणार हे ठरले असेल तर चालेल. कंपनीतले जुने संगणक नकोत. ते निर्लेखित करण्याची, म्हणजे नोंदवहीतून कमी करण्याची, प्रक्रिया महाविद्यालयाला तुमच्यापेक्षा जड जाते. पुस्तकांत जुनी क्रमिक पुस्तके नकोत. पण घरात जुने गॅझेटियर, पीक-पाहणीच्या नोंदी, आजोबांची शेतीची रोजनिशी, बियाण्यांच्या जुन्या याद्या असतील तर रद्दीवाल्याच्या आधी ग्रंथपालाला फोन करा. वस्तूरूप देणगीला प्राप्तिकरात ८०जीची (देणगीदारांसाठीच्या कलमाची) वजावट मिळत नाही, हे लक्षात असू द्या.

करात किती सवलत मिळते?

तुम्ही नवी करप्रणाली निवडली असेल तर शून्य, कारण तिच्यात व्यक्तींना ८०जीची वजावट नाही. पगारदारांपैकी बरेच जण आता नव्या प्रणालीत आहेत, आणि मार्चअखेरीस पावती मागायला येऊन हिरमुसतात.

जुन्या प्रणालीत सर्वसाधारणपणे देणगीच्या ५० टक्के रकमेची वजावट मिळते, तीही ठरावीक पद्धतीने काढलेल्या उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेत. एक लाख दिले, ५० हजार वजा झाले आणि तुम्ही ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकरासह १५,६०० रुपये कर वाचतो. दोन हजारांवरची रोख देणगी चालत नाही, धनादेश किंवा ऑनलाइन हस्तांतरण हवे. देणगी घेणाऱ्या संस्थेकडे ८०जीची मान्यता असली पाहिजे. सरकारी विद्यापीठ आहे म्हणजे ती असणारच असे धरू नका. मान्यतेचा क्रमांक आणि मुदत पैसे देण्यापूर्वी मागा. साध्या पावतीवर भागत नाही, संस्थेने नमुना १०बीई मधले प्रमाणपत्र द्यावे लागते. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर अधिनियम २०२५ लागू झाल्याने कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक बदलले आहेत. नवे क्रमांक तुमच्या सीएकडून घ्या.

मी अमेरिकेत असतो. इथून पैसे पाठवू शकतो का?

तुमचा पासपोर्ट कोणता, यावर उत्तर अवलंबून आहे. भारतीय नागरिक असाल तर परदेशातल्या स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परकीय ठरत नाही. अमेरिकन पासपोर्ट घेतला असेल, भले ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असो, तर ती परकीय देणगी आणि तिला २०१० चा परकीय योगदान नियमन कायदा लागू. मग घेणाऱ्या संस्थेकडे नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या तिच्या ठरावीक खात्यातच आली पाहिजे. कायद्याने स्थापन झालेल्या आणि ज्यांचे हिशेब महालेखापरीक्षकांनी तपासणे बंधनकारक आहे अशा संस्थांना केंद्राने यातून सूट दिली आहे. आपले विद्यापीठ तीत बसते का, ते नियंत्रक कार्यालयाकडून लेखी घ्या. माजी विद्यार्थी संघ त्यात बसत नाही. मित्राच्या खात्यावर पाठवून 'पुढे दे' म्हणणे हा मार्ग नाही, त्यात मित्र अडकतो.

तिकडच्या करात सवलत हवी असेल तर भारतातल्या संस्थेला थेट देऊन ती मिळत नाही. तिथे नोंदलेल्या धर्मादाय संस्थेमार्फत यावे लागते.

आमच्या कंपनीला सीएसआरमधून (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चातून) द्यायचे आहे.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्च करावा लागतो. शिक्षण, नैसर्गिक संसाधनांचे संवर्धन आणि सार्वजनिक निधीवरच्या विद्यापीठांतले संशोधन हे तिन्ही विषय सातव्या परिशिष्टात बसतात.

दोन अडचणी आहेत. कायम निधीला दिलेली रक्कम आता सीएसआर म्हणून धरली जात नाही. आणि चालू प्रकल्पाची मुदत सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षे. आंब्याची जात तीन वर्षांत होत नाही हे वर आलेच आहे. म्हणून सीएसआरच्या पैशातून माती-पाणी परीक्षण, वसतिगृहाची डागडुजी, रोपवाटिका, ग्रंथालय असली तीन वर्षांत उभी राहणारी कामे घ्यावीत, सोबत देखभालीचा करारही करावा. फेब्रुवारीत फोन करून '३१ मार्चच्या आत खर्च दाखवा' म्हणणाऱ्या कंपन्यांना माझी हात जोडून विनंती आहे, जूनमध्ये या.

बियाणे किंवा कीटकनाशक कंपनीची देणगी घ्यावी का?

घेऊ नये असे मी म्हणणार नाही. पण जो विभाग त्या कंपनीच्या औषधाची चाचणी घेतो, त्याच विभागाला तिने वातानुकूलन यंत्रे भेट द्यावीत हे बरे दिसत नाही. शेतकरी विद्यापीठाची शिफारस वाचून दुकानात जातो, त्या शिफारशीवर संशयाची सावलीही नको. चाचणीचे शुल्क वेगळे, देणगी वेगळी, दोन्हींची नोंद उघड. निष्कर्ष काहीही आला तरी तो प्रसिद्ध होईल, हे करारात लिहिलेले असावे.

देणगी दिली तर मुलाच्या प्रवेशाचे बघाल का?

नाही. प्रवेश सामाईक प्रवेश परीक्षेतून होतो, आणि प्रवेशाच्या बदल्यात पैसे घेणे राज्यात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे.

पैसे नीट खर्च झाले की नाही, कसे कळणार?

देतानाच ठरवा: वर्षातून एकदा उपयोगिता प्रमाणपत्र, बिलांच्या प्रती आणि एक पानभर मजकूर. यापेक्षा जास्त मागू नका, प्राध्यापकाने शिकवावेही लागते. तरीही उत्तर आले नाही तर विद्यापीठ माहिती अधिकार कायद्याखाली येते, अर्ज करता येतो. पण अर्जाआधी एकदा स्वतः जाऊन या. यंत्रावरचे कापड उचलून पाहिले की अर्ध्या प्रश्नांची उत्तरे मिळतात.

मृत्युपत्रात तरतूद कशी करू?

महाविद्यालयाचे आणि विद्यापीठाचे पूर्ण अधिकृत नाव लिहा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि व्यवस्थापक नेमा. साक्षीदार स्वतः लाभार्थी नसावेत. घरच्यांना आधी सांगून ठेवा. तेराव्या दिवशी प्रथमच कळलेली देणगी सहसा कोर्टात जाते.

पैसे देणे जमणार नाही. दुसरे काही?

शेतकरी असाल तर पुष्कळ काही. विद्यापीठाच्या वाणाची चाचणी स्वतःच्या दहा गुंठ्यांत घेऊ द्या, आणि ती चालू असताना शेजाऱ्याने सांगितले म्हणून मधेच युरिया टाकू नका. कृषिदूतांच्या गटाला वाड्यातली एक खोली द्या. घरात जुना वाल, भात, नाचणी, एखादी गावठी ज्वारी वर्षानुवर्षे धरून ठेवली असेल तर मूठभर बियाणे नाव-गाव लिहून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात नेऊन द्या आणि पोच घ्या. शेतकऱ्याने जपलेल्या वाणाची नोंदणी २००१ च्या पीक वाण संरक्षण कायद्याखाली शेतकऱ्याच्या नावावर करता येते, त्याचा अर्ज भरायला केंद्रातले लोक मदत करतात. बियाणे नीट वाळवून न्या. ओल राहिली तर वाटेतच बुरशी धरते.